उबेत घडवायचा, थंडीत अचूक ठरायचा : वेब दुर्बिणीच्या बांधणीविषयी

सातपूर टूलरूम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात शेजारच्या एका मुलाने जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचे चित्र दाखवून मला विचारले, "आजोबा, हा आरसा सोन्याचा आहे का?" मी त्याला सांगितले की १८ षटकोनी तुकड्यांवर मिळून सोने ४८ ग्रॅमच्या आसपास आहे. आपल्या सराफ बाजारातला दहा ग्रॅमचा तोळा धरला तर ते पुरते पाच तोळेही भरत नाही. लेपाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी आहे आणि अवरक्त प्रकाश सोन्यावरून फार उत्तम परावर्तित होतो, एवढ्यासाठीच ते तेथे आहे. लेपाखालचा धातू बेरिलियम आहे. त्या मुलाचे एवढ्यावर समाधान झाले, माझे मात्र झाले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

मी ३४ वर्षे टूलरूममध्ये काढली आणि त्यातील शेवटची १२ वर्षे तपासणी विभागात होतो. आमच्या धंद्यातील पहिला धडा असा की माप सांगताना तापमानही सांगावे लागते, आणि जगभर ते २० अंश सेल्सियस ठरलेले आहे. एका मे महिन्यात नव्या मुलाने ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी मँड्रेल मोजला. मायक्रोमीटर त्याने वातानुकूलित तपासणी खोलीतून तेव्हाच आणलेला होता आणि नग मात्र ३८ अंशांवर होता. माप तंतोतंत भरले म्हणून त्याने तो नग पूर्ण झाला असे लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी २० अंशांना आलेला तोच नग २० मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी भरला. १०० मिलिमीटर पोलाद दर अंशाला साधारण १.१५ मायक्रॉन वाढते, त्याला १८ अंशांनी गुणा, हिशेब जुळतो. नग भंगारात गेला. त्या मुलाचा हात चांगला होता आणि यंत्रही चांगले होते, चूक फक्त एवढीच झाली की ज्या तापमानाला वस्तू वापरली जाणार होती त्या तापमानाचा विचार न करता माप घेतले गेले.

आता वेबचा आरसा पाहा. तो २० अंशांच्या आसपास घडवायचा आणि वापरायचा उणे २३३ अंशांच्या परिसरात, म्हणजे फरक १८ अंशांचा नसून अडीचशे अंशांचा आहे. सव्वा मीटरहून रुंद असा एकेक तुकडा तेवढे थंड होताना दीड मिलिमीटरहून अधिक आकसतो, आणि आकसताना त्याचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा वागत नाही. मागच्या फासळ्या, आधाराच्या जागा आणि धातूच्या पोतातील बारीक फरक यांच्यामुळे कुठे किंचित उंच तर कुठे किंचित खोल होतो. यावर दुर्बीण बांधणाऱ्यांनी जी वाट काढली, ती वाचून मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. तुकडा आधी नेहमीच्या तापमानात पॉलिश करायचा, मग अलाबामातील हंट्सव्हिलच्या निर्वात कक्षात उणे २४० अंशांच्याही खाली नेऊन लेसरच्या व्यतिकरणाने (प्रकाशलहरी एकमेकींवर पाडून) त्याचा पृष्ठभाग मोजायचा, थंडीत तो कुठे किती बिघडतो याचा नकाशा काढायचा आणि परत कॅलिफोर्नियात आणून त्या नकाशाच्या बरोबर उलटा आकार पॉलिश करायचा. थोडक्यात, हिशेबाने ठरवलेली चूक आरशात मुद्दाम ठेवायची, म्हणजे थंडीत गेल्यावर तो आपोआप बरोबर होतो. प्रत्येक तुकड्याच्या आकारातील सरासरी चूक सुमारे २० नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) आणली गेली. तुकडा ताणून नाशिक ते मुंबई एवढा लांब केला, असे मानले तर त्यावरील उंचवटे सरासरी अडीच मिलिमीटरचे भरतील.

बेरिलियमच का, हेही सांगतो. वजनाला तो ॲल्युमिनियमहूनही हलका आहे, ताठ आहे आणि अतिथंड अवस्थेत त्याचे आकसणे जवळजवळ थांबते, त्यामुळे पुढे पाच-दहा अंश इकडेतिकडे झाले तरी आकार हलत नाही. बेरिलियमची पूड उष्णतेत आणि प्रचंड दाबाखाली दाबून ठोकळा तयार करतात. एका तुकड्यासाठीचा ठोकळा सुमारे २५० किलोंचा होता आणि मागून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कोरीवकाम करून तो साधारण २० किलोंवर आणला गेला. म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक धातू काढून टाकला आणि राहिलेल्या फासळ्या सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या होत्या. ज्यांनी मिलिंगवर पातळ भिंत काढताना ती कटरखाली थरथरताना पाहिली आहे, त्यांना यातील अवघडपण वेगळे सांगावे लागणार नाही. त्यात बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे ती शोषून घेण्याची व्यवस्था नसेल तर या कामाला हातही लावता येत नाही.

आपल्याकडे ओझर, अंबड, सातपूर येथे काम केलेली अनेक मंडळी आहेत. या दुर्बिणीकडे बांधणीच्या बाजूने पाहू या, अशी विनंती आहे. तिने काढलेली चित्रे सर्वांनी पाहिली आहेत.

बारावी विज्ञान

काका, धागा फार आवडला. मला एक मूलभूत शंका आहे. दुर्बीण इतकी थंड ठेवण्याची गरजच का पडते? हबल दुर्बीण तर साधारण खोलीच्या तापमानावरच चालते.

गंगापूर रोड

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे याचे उत्तर मी देते.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारणे सोडत असते. तू, मी, भिंत, टेबल, आपण सारे सुमारे ३०० केल्विनवर आहोत आणि आपली प्रारणे १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात. वेबला ०.६ पासून सुमारे २८ मायक्रॉनपर्यंत पाहायचे आहे. उबदार दुर्बिणीने त्या पट्ट्यात पाहणे म्हणजे भर दुपारी गोदाघाटावर उभे राहून आकाशातला अंधुक तारा शोधण्यासारखे आहे, आणि येथे तर तो लखलखाट दुर्बिणीच्या स्वतःच्या आरशातूनच निघत असतो. दुर्बीण ४० केल्विनपर्यंत, म्हणजे काकांनी सांगितलेल्या उणे २३३ अंशांपर्यंत, थंड केली की तिच्या प्रारणांचे शिखर ७० मायक्रॉनच्या पलीकडे सरकते आणि आपल्याला हव्या असलेल्या पट्ट्यात ती जवळजवळ काळोखी होते.

आता अवरक्तातच का पाहायचे, तर विश्व प्रसरण पावत असल्यामुळे फार दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेत ताणला जातो. हायड्रोजनची ०.१२ मायक्रॉनची जंबुपार खूण घे. ताम्रसृती (या ताणाचे माप, त्यात एक मिळवला की ताणाची पट मिळते) १४ असलेल्या दीर्घिकेकडून निघालेली ती खूण १५ पट ताणली जाऊन १.८ मायक्रॉनवर येते, आणि तेथे हबलची पोच संपत आलेली असते. वेबने २०२४ मध्ये नोंदवलेली अशी एक दीर्घिका महास्फोटानंतर ३० कोटी वर्षेही झाली नव्हती तेव्हाची आहे. शिवाय तारे जेथे जन्मतात त्या धुळीच्या ढगांतून दृश्य प्रकाश बाहेर पडू शकत नाही, अवरक्त प्रकाश मात्र बराचसा पार होतो.

काकांनी नकाशाची गोष्ट सांगितली आहे, त्याला एक जोड देते. पृष्ठभाग किती अचूक हवा हे तरंगलांबीवर ठरते. पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी दिसतात, त्यांच्या थाळ्या तारेच्या जाळीच्या आहेत आणि जाळीच्या छिद्रांतून पलीकडचे आकाश दिसते. तेथे तरंगलांबी २० सेंटिमीटर आणि त्याहून मोठी असल्यामुळे सेंटिमीटरच्या आतला खडबडीतपणा चालून जातो. वेबला दोन मायक्रॉनवर सिद्धान्ताने शक्य असेल तेवढी रेखीव प्रतिमा द्यायची होती, आणि त्यासाठी सर्व आरशांची मिळून लहरीतील चूक सुमारे १५० नॅनोमीटरच्या आत ठेवणे भाग होते. तत्त्व दोन्हीकडे तेच आहे, एकक तेवढे बदलते.

दिंडोरी मळा

आमची द्राक्षे निर्यातीला जातात आणि माझ्याकडे लहानसे शीतगृह आहे. माल काढल्यावर प्रीकूलिंगला लावून शून्य अंशाजवळ आणायचा आणि कंटेनर बंदरात पोहोचेपर्यंत तो तेथेच राखायचा, हे आमचे हंगामातले रोजचे काम आहे. या कामातून एक गोष्ट पक्की कळली आहे. यंत्र किती मोठे आहे यावर थंडी टिकत नाही, ती गळतीच्या वाटा किती बंद केल्या यावर टिकते. दाराची रबरी पट्टी, फरशी, आत जाणारी विजेची तार, पेटता राहिलेला दिवा, आत उभा राहणारा माणूस, प्रत्येक जण उष्णता आणतो. माझा प्रश्न असा, की दुर्बिणीच्या एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला उणे २३३ अंश असताना दोन्ही बाजू कशाने तरी जोडलेल्या असणारच. त्या जोडातून उष्णता पलीकडे जात नाही का?

सातपूर टूलरूम

भाऊ, ज्या प्रश्नावर तेथील अभियंत्यांची बरीच वर्षे गेली तोच तुम्ही विचारला आहे.

आधी सावलीविषयी. दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, दुसऱ्या लाग्रांज बिंदूभोवती फिरते, म्हणजे अशा जागी जेथे यान पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहते. तेथून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र हे तिन्ही उष्णतेचे स्रोत नेहमी एकाच बाजूला राहतात, त्यामुळे एकच छत्री पुरते. ही छत्री सुमारे २१ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि पाच थरांची आहे. थर कॅप्टन नावाच्या पॉलिमरचे आहेत. उन्हाकडचा पहिला थर ०.०५ मिलिमीटरचा, बाकीचे चार त्याच्या निम्म्या जाडीचे, सर्वांवर ॲल्युमिनियमचा लेप आणि उन्हाकडच्या दोन थरांवर सिलिकॉनचाही लेप आहे, म्हणून ती बाजू जांभळट दिसते. छत्रीवर पडणारे ऊन सुमारे २०० किलोवॅटचे असते आणि आरशाच्या बाजूला त्यातील वॅटचा लहानसा अंशच पोहोचतो.

पाच थर एकमेकांना समांतर नाहीत, ही यातील खरी युक्ती आहे. मध्यभागी ते जवळ आहेत आणि कडेला एकमेकांपासून दूर जातात, त्यामुळे दोन थरांमध्ये अडकलेली उष्णता पुन्हा पुन्हा परावर्तित होत फटीतून बाजूला, थेट अवकाशात निघून जाते. एकच जाड थर लावला असता तर उष्णता त्यातून वाहत पलीकडे गेली असती. येथे प्रत्येक थर आपल्या वाट्याची उष्णता कडेने बाहेर टाकतो आणि उरलेली थोडीच पुढच्या थराकडे जाते.

आता जोड. आरसा आणि उपकरणे ज्या मनोऱ्यावर उभी आहेत तो उड्डाणानंतर सुमारे १.२ मीटर वर सरकवला गेला, तो मुख्यतः गरम भाग आणि थंड भाग यांच्यात अंतर पडावे म्हणूनच. तो उष्णता कमी वाहून नेणाऱ्या कार्बन तंतूच्या संमिश्राचा आहे. तरीही एक अडचण उरतेच. उपकरणांच्या इलेक्ट्रॉनिक्सचा काही भाग शोधकांच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरांच्या, जवळच ठेवावा लागतो, नाहीतर लांब तारांतून येताना क्षीण संकेत बिघडतात. तो भाग थंड बाजूला असूनही स्वतः सुमारे २०० वॅट उष्णता सोडतो, म्हणून त्याला वेगळ्या पेटीत बसवून त्याची सर्व उष्णता आरशापासून दूर अवकाशाच्या दिशेने सोडण्याची व्यवस्था केली आहे. तुमच्या शीतगृहात पेटता दिवा ठेवणे भागच पडले, तर त्याच्यासाठी भिंतीतून वेगळे धुराडे काढावे लागेल, तसा हा प्रकार आहे.

दिंडोरी मळा

म्हणजे सावलीवरच सारे भागले, कॉम्प्रेसर लागलाच नाही, असे समजायचे का?

गंगापूर रोड

तीन उपकरणांपुरते तसे म्हणता येईल. पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचे त्यांचे शोधक ४० केल्विनच्या आसपास नीट चालतात आणि तेवढी थंडी सावलीतून मिळते. चौथे उपकरण मिरी हे मध्य अवरक्तात पाहते, त्याचे शोधक आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनचे आहेत आणि त्यांना ७ केल्विनच्या खाली न्यावे लागते. तेथे मात्र तुमचा कॉम्प्रेसर आला.

२००३ मधील स्पिट्झर दुर्बिणीने द्रवरूप हेलियम सोबत नेले होते. ते मे २००९ मध्ये संपले आणि तिचे लांब तरंगलांबीचे काम तेव्हाच थांबले. मिरीमध्ये हेलियम वायू बंद चक्रात फिरतो, त्यामुळे तो संपण्याचा प्रश्न येत नाही. कॉम्प्रेसर छत्रीच्या गरम बाजूला आहे आणि सुमारे दहा मीटर लांबीच्या नळीतून थंड वायू उपकरणापर्यंत जातो. त्याचे दट्टे समोरासमोर उलट दिशेने चालतात, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याने रद्द होतो. ज्या दुर्बिणीचे लक्ष्य रेसभरही हलता कामा नये, तिच्यात चालू यंत्र बसवताना हे करावेच लागते.

ओझर

मी विमान जुळणीत आयुष्य घालवले आहे. सातपूरकरांनी मापाची बाजू मांडली, मी जुळणीची मांडतो.

आरसा ६.५ मीटरचा आणि एरियन ५ रॉकेटच्या टोपणात वापरता येणारी जागा सुमारे साडेचार मीटर व्यासाची होती, म्हणून आरशाचे दोन्ही बाजूंचे तीन-तीन तुकडे दारासारखे मागे दुमडले. छत्रीची घडी घालून ती १०७ कुलपांनी जागेवर धरली होती आणि सर्व मिळून उलगडण्याच्या अशा यंत्रणा १७८ होत्या. एकही अडकली तरी काम बिघडले असते. ज्यांना पर्यायी व्यवस्था नव्हती आणि ज्यांच्या एकट्याच्या अपयशाने मोहीम बुडू शकली असती, अशा जागा त्यांनी ३४४ मोजल्या होत्या. विमान बिघडले तर ते उतरवता येते आणि पॅनेल उघडून हात घालता येतो. हबलपर्यंत अंतराळवीर पाच वेळा दुरुस्तीला गेले. या दुर्बिणीपर्यंत कोणी जाऊ शकत नाही.

म्हणून २०१८ मधील घटना मला महत्त्वाची वाटते. आवाजाच्या कंपनांची चाचणी झाल्यावर छत्रीच्या आवरणाचे काही स्क्रू आणि वॉशर सुटून खाली पडलेले सापडले. त्यापूर्वी चुकीच्या द्रावकाने इंधनाच्या झडपाही खराब झाल्या होत्या. स्वतंत्र चौकशी समितीने हे सारे मानवी चुकांच्या सदरात धरले आणि उड्डाण पुढे गेले. आमच्या हँगरमध्ये पाळी संपताना हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पाना आपल्या आकाराच्या खाचेत परत बसलेला दिसल्याशिवाय कोणालाही घरी सोडत नसत. एकदा एक लहान स्क्रूड्रायव्हर कमी भरला म्हणून आम्ही १४ जणांनी रात्री साडेदहापर्यंत टॉर्च घेऊन कॉकपिटचा तळ चाळला. शेवटी तो एका मदतनिसाच्या डब्याच्या पिशवीत सापडला. त्या रात्री सगळे वैतागले होते, पण फळीवर एक खाच रिकामी असताना विमान पुढे ढकलायला कोणाचाही हात उठला नसता. तेथे स्क्रू जमिनीवर असतानाच पडले आणि सापडले, ही चाचणी उपयोगी पडल्याची खूण आहे.

बारावी विज्ञान

ओझरकाका, उलगडताना सर्व नीट होत आहे हे त्यांना कसे कळत होते? त्यावर कॅमेरे होते का?

ओझर

उलगडणे पाहण्यासाठी कॅमेरे नव्हते. तापमान, कोनांचे वाचन, मोटारींनी घेतलेला विद्युतप्रवाह आणि लहान स्विच, एवढ्यावरच सर्व भिस्त होती. ३१ डिसेंबर २०२१ रोजी छत्रीचे आवरण गुंडाळले गेल्याची खूण देणारे स्विच अपेक्षेप्रमाणे वाजले नाहीत. तेव्हा त्यांनी तापमानाची आणि यानाच्या हालचालीची वाचने तपासली. आवरण हटले असेल तर ऊन पडून काही जागा तापायला हव्यात, त्या तापल्या होत्या. तेवढी खात्री झाल्यावर मगच दांडे बाहेर काढले. ४ जानेवारी २०२२ पर्यंत पाचही थर ताणले गेले, ८ तारखेला आरशाचा दुसरा पंख बसला आणि २४ तारखेला दुर्बीण आपल्या जागी पोहोचली.

हिशेबनीस

सर्व वाचले आणि कौतुक वाटले, तरीही एक मुद्दा मांडणे मला आवश्यक वाटते. सुरुवातीच्या अंदाजात खर्च एक अब्ज डॉलरच्या आसपास आणि उड्डाण २००७ च्या सुमारास धरले होते. प्रत्यक्षात खर्च सुमारे दहा अब्ज डॉलर झाला आणि उड्डाण २५ डिसेंबर २०२१ ला झाले. कोणत्याही सार्वजनिक कामात दहापट वाढ झाली तर आपण प्रश्न विचारतो. येथे तो का विचारू नये?

सातपूर टूलरूम

अवश्य विचारावा, आणि तो तेथेही विचारला गेला. २०१० मधील स्वतंत्र समितीने सांगितले की तांत्रिक काम चांगले चालले आहे, दोष अंदाजपत्रकात आणि व्यवस्थापनात आहे. २०११ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने प्रकल्प रद्द करण्याचाच प्रस्ताव मांडला होता. माझे मत असे आहे की पहिला अंदाज चुकला, कारण जी वस्तू कोणी कधी बनवलेली नाही तिचा दर आधीच्या वस्तूंवरून काढला गेला. टूलरूममध्ये नवीन डायची किंमत सांगताना आम्हीही पहिल्या डायला हेच करत असू आणि दुसऱ्या डायला शहाणे होत असू. पण वेबचा पहिला नग हाच शेवटचा नग होता.

मात्र तपासणीवर झालेला खर्च मी वाढीव धरणार नाही. हबलचे उदाहरण पाहा. त्याच्या आरशाचे पॉलिशिंग अप्रतिम होते, पण तो तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. त्यामुळे आरसा अत्यंत काळजीपूर्वक चुकीच्या आकारात घासला गेला आणि कडेला सुमारे दोन मायक्रॉन अधिक सपाट झाला. दुसऱ्या, साध्या उपकरणाने चूक दाखवलीही होती, पण मुख्य उपकरणावर विश्वास ठेवून ते वाचन बाजूला सारले गेले. गेज चुकीचे असेल तर त्याने तपासलेला प्रत्येक नग चुकीचा असतो, हे आम्हाला शिकाऊ असताना शिकवले होते. हबलला १९९३ मध्ये अंतराळवीरांनी चूक भरून काढणारे लहान आरसे बसवून नीट केले. वेबबाबत ती सोय नव्हती, म्हणून २०१७ मध्ये आरसा आणि उपकरणे ह्यूस्टन येथे, अपोलोच्या काळात बांधलेल्या प्रचंड निर्वात कक्षात सुमारे शंभर दिवस अतिथंड ठेवून तपासली गेली. त्याच दिवसांत हार्वे चक्रीवादळाने शहर पाण्याखाली गेले, तरी माणसांनी तेथे राहून चाचणी चालू ठेवली.

आणि एवढे करूनही आरसा पूर्ण जुळवून पाठवलेला नव्हता. प्रत्येक तुकड्यामागे सात सूक्ष्म चालक यंत्रणा आहेत. सहांमुळे तुकडा हवा तसा सरकतो व कलतो आणि सातवी त्याची वक्रता बदलते. दुय्यम आरशाच्या सहा धरून एकूण १३२ होतात आणि त्यांचे पाऊल नॅनोमीटरांत मोजण्याइतके लहान असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुर्बीण एकाच ताऱ्याकडे वळवली तेव्हा त्याचे १८ विस्कळीत ठिपके दिसले. कोणता ठिपका कोणत्या तुकड्याचा हे एकेक तुकडा हलवून ओळखले, मग ठिपके एकावर एक आणले आणि शेवटी सर्व तुकडे एकाच अखंड पृष्ठभागासारखे वागू लागेपर्यंत त्यांच्या उंची जुळवल्या. कितीही तयारी केली तरी शेवटचा हात जागेवरच फिरवावा लागतो, हे त्यांनी आधीच मान्य करून त्याची सोय ठेवली होती, आणि मला या सबंध आराखड्यात हीच गोष्ट सर्वांत अधिक आवडते.

हिशेबनीस

उत्तर पटले. अंदाजाच्या मुद्द्यावर माझा आक्षेप कायम ठेवतो, तपासणीच्या मुद्द्यावर मागे घेतो.

बारावी विज्ञान

पाच थरांचा प्रयोग घरी करून पाहिला. औषधाच्या दुकानात मिळणारे चकचकीत आपत्कालीन ब्लँकेट कापून लाकडी चौकटींवर पाच थर ताणले, एका बाजूला १०० वॅटचा जुना दिवा लावला आणि अर्ध्या तासानंतर कपाळाला रोखतात तशा इन्फ्रारेड तापमापकाने मोजले. पहिल्या थराची मागची बाजू २९ अंश दाखवते आणि पाचवा थरही २७. खोली २६ वर आहे. हात जवळ नेला तर पहिला थर चांगला गरम जाणवतो. माझे कुठे चुकते आहे?

गंगापूर रोड

थराचे तापमान नाही, तू खोलीचे प्रतिबिंब मोजत आहेस. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः फार कमी प्रारणे सोडते आणि समोरच्या भिंतीची प्रारणे परावर्तित करते, त्यामुळे तापमापकाला भिंतच दिसते. वेबच्या छत्रीला चकचकीत लेप याच गुणासाठी दिला आहे. प्रत्येक थराच्या मागच्या बाजूला, दिव्याच्या विरुद्ध दिशेला, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटव आणि त्या टेपवर नेम धरून मोज. टेप दिव्याकडच्या बाजूला लावू नकोस, नाहीतर ती दिव्याचा प्रकाश शोषून भलतेच वाचन देईल. कपाळाचा तापमापकही ठेवून दे, तो माणसाच्या तापाच्या पट्ट्यापुरताच केलेला असतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला औद्योगिक तापमापक मी तुला देते.

बारावी विज्ञान

ताई, टेप लावून पुन्हा मोजले. पहिला थर ४७, दुसरा ३८, तिसरा ३३, चौथा ३०, पाचवा २९. खोली २६. हे पाचही थर एकमेकांना समांतर, एकेक सेंटिमीटर अंतरावर असताना. नंतर काकांनी सांगितल्याप्रमाणे वरची कड तशीच ठेवून खालची कड प्रत्येकी तीन सेंटिमीटरने उघडली, तेव्हा पाचवा थर २७ वर आला.

गंगापूर रोड

वाचने सुरेख आहेत. नोंद करताना एवढे लिही, की येथे हवा आहे, त्यामुळे उघडलेल्या फटीतून गेलेली बरीचशी उष्णता हवेच्या प्रवाहाने गेली असणार. निर्वातात केवळ प्रारणांनीच जाईल. चौकट उलटी करून रुंद कड वर ठेव आणि पुन्हा मोज. वाचन बदलले तर तो फरक हवेमुळे आला असे समज.

सातपूर टूलरूम

आणि दर वाचनाच्या वेळी खोलीचे तापमान पुन्हा मोजून शेजारी लिही. दिवा अर्धा तास चालू होता, तेव्हा खोली २६ वरच राहिली असेल असे गृहीत धरू नकोस.